कमरेला वाघ, खिशात पाल

पाल दिसली की तुमच्या घरात काय होतं? कुणी ओरडतं, कुणी झाडू शोधतं, आणि पाल मात्र ट्यूबलाइटच्या मागे जाऊन निवांत डास टिपत बसते. थायलंडमध्ये, बँकॉकच्या एखाद्या छोट्या दुकानात गेलात तर हीच पाल तुम्हाला गल्ल्याशेजारी दिसू शकते. खरी नव्हे, पितळेची. बोटाच्या पेराएवढी. आणि तिला एक सोडून दोन शेपट्या!

तिला तिथे 'चिंग चोक' म्हणतात. दोन शेपट्यांची चिंग चोक जवळ असली की गिऱ्हाईक येतं, लोक आपल्याशी गोड वागतात, असं तिथले कितीतरी लोक मानतात. कुणी ती गल्ल्यात ठेवतं, कुणी पाकिटात, कुणी खिशात. पण जिवंत चिंग चोकचा थोडा धाकही असतो बरं का. घराबाहेर पडताना ती नेमकी चुकचुकली, तर म्हातारी माणसं म्हणतात, 'थांब जरा, मग नीघ.' आपल्याकडेही पाल चुकचुकली की मनात शंका येतेच! एवढासा प्राणी आणि एवढासा आवाज, पण दोन्हीकडच्या माणसांनी त्यावरून कान टवकारले.

आता त्या दोन शेपट्यांचं काय? कुणा कारागिराला स्वप्न पडलं का? अजिबात नाही. दोन शेपट्यांच्या पाली खरोखर असतात.

पालीच्या शेपटीतल्या मणक्यांमध्ये तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. मांजराने शेपटी पकडली की पाल तिथले स्नायू जोरात आवळते, आणि शेपटी त्या जागी तटकन तुटते. रक्तवाहिन्यांची तोंडंही लगेच मिटतात, त्यामुळे रक्त फारसं जात नाही. तुटलेली शेपटी जमिनीवर वळवळत राहते, मांजर तिच्याकडे बघत बसतं, आणि पाल केव्हाच पसार झालेली असते. पुढच्या काही आठवड्यांत नवी शेपटी फुटते. मात्र ती पहिलीसारखी नसते. तिच्यात मणके नसतात, कूर्चेची एक सलग नळी असते. कूर्चा म्हणजे तुमच्या कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागतं ते मऊ हाड. नव्या शेपटीचा रंग आणि खवल्यांची नक्षीही थोडी वेगळी असते. भिंतीवरच्या पालीकडे नीट पाहिलंत तर कुठे जुनी संपली आणि कुठे नवी सुरू झाली ते ओळखता येतं.

कधीकधी शेपटी पूर्ण तुटत नाही. अर्धवट फाटते आणि तशीच राहते. जखम झाली म्हणून शरीर तिथे नवी शेपटी वाढवायला घेतं, आणि जुनीही जागेवरच असते. झाल्या दोन! ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली जगभरातल्या अशा नोंदी गोळा केल्या. पाली, सरडे आणि त्यांच्या भाऊबंदांच्या १७५ हून अधिक जातींमध्ये त्यांना जास्तीच्या शेपट्या सापडल्या. त्यांचा अंदाज असा की शंभरांत दोन-तीन प्राणी तरी असे असावेत. दक्षिण अमेरिकेतल्या तेगू नावाच्या एका सरड्याला तर सहा शेपट्या होत्या!

म्हणजे ज्याने पहिल्यांदा दोन शेपट्यांची पाल घडवली, त्याने भिंतीकडे नीट पाहिलं होतं. थायलंडच्या या प्राणी-ताइतांचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचं. प्रत्येक ताइतामागे कुणीतरी एखाद्या प्राण्याकडे टक लावून पाहिलेलं असतं. त्या प्राण्याला काय जमतं, आपल्याला काय जमत नाही, हे हेरलेलं असतं, आणि मग 'तेवढं मला दे' असं मागणं मागितलेलं असतं. आपण आज त्याच प्राण्यांकडे विज्ञानाच्या डोळ्यांनी पाहूया. मागणं काय आहे आणि प्राण्याकडे खरोखर काय आहे?

पालीचं तर पायातच सगळं आहे. थायलंडमध्ये तिची एक थोरली बहीण राहते, तोके पाल. निळसर राखाडी अंगावर नारिंगी ठिपके, लांबी फूटभर, आणि रात्री स्वतःचं नाव खणखणीत ओरडणार: तुक-के! तुक-के! तिच्या एकेका पायाला सुमारे पाच लाख केस असतात. प्रत्येक केसाच्या टोकाला पुन्हा शेकडो फाटे. ते इतके बारीक असतात की भिंतीला अगदी कणाकणाने भिडतात, आणि कण कणाला हलकेच ओढून धरतो. ना डिंक, ना पंपासारखी ओढ. २००० साली शास्त्रज्ञांनी या तोके पालीचा एकच केस वेगळा काढून त्याची ओढ मोजली, तेव्हा पाल भिंतीला कशी चिकटते हे कोडं सुटायला लागलं.

आता जरा ताइतांच्या गावाला जाऊन येऊ. बँकॉकमधून चाओ फ्राया नदी वाहते. तिच्या काठी 'था फ्रा चान' नावाचा धक्का आहे, शेजारीच महाथात नावाचा मोठा विहार. तिथल्या गल्ल्यांमध्ये ताइतांचा बाजार भरतो. टेबलांवर, ट्रेमध्ये, काचेच्या पेट्यांत हजारो ताईत: मातीचे, पितळेचे, तांब्याचे, लाकडाचे, लाखेचे. त्यांवर वाकलेली माणसं. एका डोळ्याला छोटं गोल भिंग, दुसरा डोळा मिटलेला, चिमटीत ताईत. भेग कुठे आहे, कडा झिजलीय की घासलीय, मातीत कुठले कण दिसतात, हे सगळं ती वाचत असतात. यातले जाणकार लोक नजरेने अस्सल-नक्कल ओळखतात, आणि तोच त्यांचा धंदा असतो.

यातले सगळ्यात मानाचे ताईत असतात बुद्धाचे. मातीत साचा दाबून उमटवलेली छोटी बुद्धमूर्ती. ही पद्धत भारतातून तिकडे पोचली. बोधगयेला गेलेले यात्रेकरू अशा मातीच्या मुद्रा आठवण म्हणून नेत असत. आपल्या मुंबईत, बोरिवलीच्या जंगलातल्या कान्हेरी लेण्यांमध्येही बुद्धप्रतिमा आणि बौद्ध वचन उमटवलेल्या मातीच्या मुद्रा सापडल्या आहेत. शाळेची सहल तिकडे गेली तर आठवण ठेवा.

प्राण्यांच्या ताइतांचा वर्ग वेगळा. त्यांना 'ख्रुआंग रांग' म्हणतात. बुद्धाचा ताईत गळ्यात, आणि वाघ-माकड-पाल बहुतेक वेळा कमरेला किंवा खिशात. बुद्धाच्या बरोबरीने प्राणी बसवायचा नाही, असा त्यामागचा आदर. ताइतावर बारीक अक्षरं कोरलेली असतात, ती खोम नावाच्या जुन्या ख्मेर लिपीत. भाषा असते पाली. (भिंतीवरची नव्हे, बुद्धवचनांची!) प्रत्येक ताइताबरोबर म्हणायचा एक छोटासा मंत्रही मिळतो.

ताईत घडला की काम संपत नाही. विहारात मोठा विधी होतो. बुद्धमूर्तीपासून पांढऱ्या सुताचा एक लांबच लांब दोरा निघतो, तो ओळीने बसलेल्या भिक्खूंच्या हातांतून जातो, आणि शेवटी ताइतांनी भरलेल्या ताटांभोवती गुंडाळला जातो. भिक्खू पाठ म्हणत राहतात. त्या पाठाचं बळ दोऱ्यातून ताइतात उतरतं, अशी श्रद्धा. बुद्धाने स्वतः काही ताईत बांधायला सांगितले नव्हते, आणि हे तिथल्या भिक्खूंनाही ठाऊक आहे. बुद्धदास नावाचे थायलंडमधले फार मोठे विचारवंत भिक्खू होते (१९०६–१९९३), त्यांनी तर अशा जादूटोण्यावर उघड टीका केली. तरीही बुद्धाची शिकवण, जुने ब्राह्मणी विधी आणि त्याहूनही जुने गावोगावचे देव-भुतांचे समज तिथे शेकडो वर्षं एकत्र नांदत आलेत.

तुमच्यापैकी कुणीतरी आतापर्यंत विचारलंच असेल, 'पण ताइताने खरंच काही होतं का?' प्रश्न चोख आहे आणि तो प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. जर्मनीत कोलोन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो केलासुद्धा. २०१० साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं. गोल्फचा चेंडू हातात देताना काही जणांना सांगायचं, 'हा चेंडू आज फार लकी ठरलाय.' बाकीच्यांना नुसताच चेंडू द्यायचा. लकी चेंडूवाल्यांनी जास्त वेळा चेंडू खळग्यात घातला! चेंडू तेच होते, फरक फक्त मनातल्या धिटाईचा, असं संशोधक म्हणाले. बातम्या झाल्या. पण २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी जास्त माणसं घेऊन हाच प्रयोग पुन्हा केला, आणि त्यांना काहीही फरक दिसला नाही. एकदा मिळालेलं उत्तर पुन्हा तपासायचं, आणि जमलं नाही तर तसंच छापायचं. मला स्वतःला या गोष्टीतला हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा जास्त आवडतो.

बरं, परत प्राण्यांकडे. साळुंकी ओळखता ना? पिवळी चोच, पिवळे पाय, गॅलरीत येऊन भांडणारी. थायलंडमध्ये ती 'सालिका'. सालिकेचा ताईत म्हणजे दोन पाखरांची इवलीशी जोडी, किंवा मंत्र कोरलेली धातूची नखाएवढी गुंडाळी. हा ताईत मागायचा तो गोड वाणीसाठी. विक्रेते, गायक, ज्यांचं पोट बोलण्यावर आहे अशी माणसं तो बाळगतात. मागणं चुकीच्या दारात गेलेलं नाही, कारण साळुंकी आणि तिची बहीण पहाडी मैना दोघी नकला करण्यात पटाईत. आपला आवाज गळ्याच्या वरच्या भागात तयार होतो. पक्ष्यांचा तयार होतो खाली, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे. डाव्या आणि उजव्या फाट्याचे स्नायू वेगवेगळे चालू शकतात, त्यामुळे एकच पक्षी एका वेळी दोन सूर काढू शकतो. अशा दोन वेगवेगळ्या फाट्यांतून गाणं आपल्या गवयांना जमायचं नाही.

माशांचा ताईतही आहे, प्ला तापियन नावाच्या चंदेरी माशाचा. भाताची कापणी व्हायच्या दिवसांत हा मासा चांगला पोसलेला असतो, म्हणून तो भरल्या घराची खूण. ताइतापेक्षा मला त्याचं दुसरं रूप जास्त मोहक वाटतं. ताडाच्या पानांचे मासे विणतात, रंगवतात, एका मोठ्या माशाखाली पिल्लांची झुंबड टांगतात आणि ते सगळं बाळाच्या पाळण्यावर बांधतात. अयुथया शहरात हे मासे विणणारी घराणी मुसलमान आहेत. बौद्ध बाळाच्या पाळण्यावर मुसलमान कारागिराचा मासा डोलत असतो, आणि बाळ टकमक बघत असतं.

मारुतीही तिथे आहे बरं का! बँकॉकच्या पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात ओवरीच्या भिंतींवर १७८ चित्रं रंगवलेली आहेत, त्यांत सगळं रामायण आहे. त्यांच्या रामायणाचं नाव रामकियन. त्यातला हनुमान पांढराशुभ्र आहे आणि जांभई देतो तेव्हा तोंडातून चंद्र-तारे बाहेर पडतात. आपला मारुती ब्रह्मचारी. त्यांचा नाही! सेतू बांधताना रोज टाकलेले दगड गायब व्हायला लागतात. हनुमान पाण्यात बुडी मारून बघतो, तर रावणाची मुलगी सुवन्नमच्छा, अर्धी मासोळी आणि अर्धी राजकन्या, आपल्या माशांकडून दगड पळवतेय. भांडण सुरू होतं आणि लग्नात संपतं. त्यांना मुलगा होतो तो माकडाचा, शेपटी मात्र माशाची.

या हनुमानाचे ताईत घडवण्यात नोन्थाबुरी प्रांतातल्या साला कुन विहाराचे लुआंग फो सुन यांचं नाव फार मोठं आहे. ('लुआंग फो' म्हणजे आदरणीय वडील, वयस्कर भिक्खूंना तसं म्हणतात.) त्यांनी हनुमान कोरून घेतले ते लाकडाचे आणि हस्तिदंताचे. लाकडासाठीची झाडं त्यांनी स्वतः लावून वाढवली होती, असं सांगतात. हनुमानाकडे मागायचं काय, ते तुम्हाला सांगायला नको. बळ, आणि हार न मानणं.

आणि थायलंडच्या खऱ्या माकडांना काय जमतं ऐका. २००४ च्या सुनामीनंतर संशोधक अंदमान समुद्राकडच्या थाई किनाऱ्याची पाहणी करत होते. तिथे त्यांना लांब शेपटीची माकडं दिसली, ती हातात दगड घेऊन खडकांवरचे कालव फोडून खात होती! दगड उचलायचा, वजन बघायचं, मोठ्या कामाला मोठा दगड, नाजूक कामाला टोकदार. जगात अशी हत्यारं वापरणारी माकडं अगदी थोडी आहेत. पुढे फांग न्गा भागात ही माकडं दगडाने तेलताडाची फळं फोडतानाही दिसली. ती फोडताना दगडाचे कपचे उडतात. २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी ते कपचे गोळा करून तपासले, तर ते आदिमानवांच्या दगडी कपच्यांसारखेच निघाले. माकडाने ते मुद्दाम बनवलेले नव्हते, चुकून उडालेले होते. त्यामुळे जुन्या उत्खननांतले काही कपचे नेमके कसे तयार झाले असतील, याचा विचार आता पुन्हा करावा लागणार आहे. सेतूचे दगड वाहणाऱ्या वानरसेनेचे हे वंशज बघून मला तर फारच आनंद झाला.

कासवाची गोष्ट आनंदाची नाही, पण ती सांगायलाच हवी.

कासवाच्या ताइताचं नाव 'फाया ताओ रुआन', कासवांचा राजा. त्यामागची कथा अशी. बुद्ध एका आधीच्या जन्मी प्रचंड मोठं कासव होते. समुद्रात एक जहाज फुटलं. कासवाने बुडणाऱ्या माणसांना पाठीवर घेऊन बेटावर नेलं. बेटावर खायला काहीच नव्हतं. माणसं भुकेने तडफडायला लागली, तेव्हा कासव डोंगरावर चढलं आणि तिथून स्वतःला खाली झोकून दिलं, त्यांना आपलं मांस मिळावं म्हणून. नाखोन पाथोम प्रांतातले लुआंग पू लिऊ हे भिक्खू कासवाच्या ताइतांसाठी प्रसिद्ध होते. कासवाकडे मागतात दीर्घ आयुष्य, धीर, आणि हळूहळू पण नक्की होणारी भरभराट.

दीर्घ आयुष्याचं मागणं अगदी बरोबर ठिकाणी गेलंय. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी प्राणिसंग्रहालयांतल्या कासवांच्या ५२ जातींच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश जातींमध्ये म्हातारपण फार सावकाश येतं किंवा जवळजवळ येतच नाही, असं दिसलं. म्हणजे काय? आपलं वय वाढतं तसा आपल्या मरणाचा धोका दरवर्षी वाढत जातो. या कासवांचा तितका वाढत नाही. त्यांची पाठही बघा. ते काही अंगावर चढवलेलं चिलखत नव्हे. तिच्यात कासवाच्या बरगड्या आणि पाठीचा कणा एकजीव झालेला असतो. त्यामुळे कासव पाठ 'काढून ठेवू' शकत नाही, कार्टूनमध्ये काही का दाखवेनात.

चोनबुरी प्रांतातल्या सी राचा गावात एका तळ्यात समुद्री कासवाची एक मादी होती. वय सुमारे २५ वर्षं. कासवाच्या तळ्यात नाणं टाकलं की आपल्याला कासवासारखं दीर्घ आयुष्य लाभतं, अशी समजूत आहे, म्हणून येणारा-जाणारा तळ्यात नाणं टाकायचा. कासवाला काय कळणार? चकाकतं ते खाऊ. तिने ती गिळली. वर्षानुवर्षं गिळली. शेवटी पोट इतकं जड झालं की तिला नीट पोहता येईना, आणि पोटाकडचं कवच तडकलं. मार्च २०१७ मध्ये बँकॉकच्या चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या प्राणिवैद्यांनी शस्त्रक्रिया केली. पोटातून निघाली ९१५ नाणी. वजन पाच किलो! सगळ्या देशाने तिचं नाव ठेवलं ओमसिन, म्हणजे पैसे साठवायचा गल्ला. ती पाण्यात पुन्हा पोहलीही. पण नाण्यांतलं निकेल इतकी वर्षं तिच्या रक्तात झिरपलं होतं, आतडी बिघडली होती. त्याच महिन्यात ती गेली. उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंना पत्रकारांसमोर रडू आवरेना.

प्राण्याचा गुण हवासा वाटणं वेगळं आणि त्यासाठी प्राण्यालाच त्रास होणं वेगळं. ही ठेच थायलंडमध्ये सगळ्यात जोरात लागली ती वाघाच्या बाबतीत.

सगळ्यात नावाजलेला वाघ-ताईत समुत प्राकान प्रांतातला. तिथल्या बांग हिया विहारात लुआंग फो पान नावाचे भिक्खू होते, राजे चुलालोंगकोर्न यांच्या काळातले. या राजांनी १८६८ ते १९१० राज्य केलं. लुआंग फो पान वाघाच्या सुळ्यातून बसलेला वाघ कोरून घेत. त्याबद्दल एक आख्यायिका फार रंगवून सांगतात. राजांना दाखवायला एक चेला वाघांनी भरलेलं पात्र घेऊन निघाला. वाटेत एक वाघ पाण्यात पडला. भिक्खूंनी काय करावं? काठीला मांसाचा तुकडा बांधला आणि पाण्यात सोडला. काठी वर काढली, तर तुकड्याला वाघ चावून लटकलेला!

हा वाघ ओळखायचा कसा, याची जाणकारांची एक खूणगाठ आहे: तोंड मांजराचं, कान उंदराचे, डोळे सोंगटीच्या फाशासारखे, आणि खाली कोरलेलं यंत्र, म्हणजे मंत्राची आकृती, गवताच्या जुडीसारखं. डोळ्यांसमोर आणून बघा. जबडा उघडा, शेपटी अंगाला लपेटलेली, पुढचे पाय ताठ. वाघ म्हणावा तर मांजरासारखा गोंडस. पिढ्यानपिढ्या हातांचा घाम आणि तेल लागून सुळ्याचा रंग मधासारखा झालेला असतो. बारीक उभ्या भेगा दिसतात. दात ज्याचा बनतो ते दंतिन थरांवर थर चढत वाढतं, आणि वाळताना त्या थरांच्या अनुरोधाने तडकतं. सुळ्याच्या आत पोकळी असते, जिवंतपणी तिच्यात नस आणि रक्तवाहिन्या राहतात. बछड्याच्या दातात ती मोठी असते, वय वाढतं तशी आतून बुजत जाते. रानडुकराचं उलट. त्याचा सुळा जन्मभर वाढत राहतो, त्यामुळे मुळाशी तो पोकळच असायचा. म्हणूनच कुठे रानडुकराचा भरीव सुळा सापडला तर थायलंडमध्ये त्याचा ताईत फार दुर्मिळ मानतात. बघा, इथेही आधी निरीक्षण!

हस्तिदंताचीही अशीच खूण आहे. दात आडवा कापला तर त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. हत्तीच्या दातात या रेघांमधला कोन मोठा, ११५ अंशांहून जास्त. हजारो वर्षांपूर्वीच्या केसाळ मॅमथच्या दातात तो ९० अंशांहून कमी. प्लास्टिकमध्ये जाळीच नाही. तस्करी पकडणारे अधिकारी या जाळीवरून चोर ओळखतात. अजिंठ्याच्या १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत छद्दंत जातकाची चित्रं आहेत, सहा सुळ्यांच्या हत्तीची. राणीला त्याचे सुळे हवे असतात, म्हणून शिकारी येतो, आणि हत्ती आपले सुळे स्वतःच देऊन टाकतो. अजिंठ्याला गेलात तर त्या हत्तीसमोर थोडा वेळ थांबा.

वाघाकडे मागतात धाडस आणि दरारा. आपल्याकडेही पूर्वी मुलांच्या गळ्यात सोन्यात मढवलेलं वाघनख घालायचे, ते याचसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने हे बंद झालं. थायलंडमध्येही वाघाच्या अवयवांचा व्यापार कायद्याने गुन्हा आहे. तरी चोरून चालतोच. २०१६ साली कांचनाबुरी प्रांतात वाघ पाळणाऱ्या एका मठावर सरकारी अधिकारी पोचले. तिथून १३७ जिवंत वाघ हलवावे लागले, आणि वाघाच्या कातड्याचे तुकडे घातलेले शेकडो ताईत सापडले. मला याचा राग येतो, आणि तो लपवावासा वाटत नाही. पितळेचा वाघ कोरता येतो, लाकडाचा येतो, मातीचा येतो. लुआंग फो सुन यांनी हनुमान लाकडात कोरून घेतलाच की.

शिवाय वाघाचं खरं बळ सुळ्यात निम्मंसुद्धा नाही. आपल्याला वाघ केशरी दिसतो. एवढा भडक रंग जंगलात कसा लपतो? तर हरणांच्या डोळ्यांना लाल-केशरी आणि हिरवा हा फरक कळत नाही. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे तीन प्रकार असतात, हरणांच्या डोळ्यांत दोनच. त्यांच्या नजरेला वाघ हिरवा दिसतो! हिरव्या गवतात हिरवा वाघ, त्यावर सावल्यांसारखे काळे पट्टे.

आणि प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात याच पट्ट्यांवरून वाघ मोजायची पद्धत बसवली. ती पुढे थायलंडच्या हुआय खा खेंग अभयारण्यातही वापरली गेली. १९९१ पासून जागतिक वारसा असलेलं हे जंगल म्यानमारच्या सीमेजवळ आहे. वाघाच्या पायवाटेवर दोन कॅमेरे समोरासमोर बांधतात. दोनच का? वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात, त्यामुळे एकाच बाजूचा फोटो मिळाला तर तोच वाघ दोनदा मोजला जायचा. वाघ मधून गेला की दोन्ही कॅमेरे एकदम फोटो घेतात. मग संशोधक एकेक पट्टा जुळवत बसतात: हा खांद्यावरचा दुहेरी, हा मांडीवरचा तुटका, हा कालचाच, हा मात्र नवा. अशा मोजणीतून २०२४ मध्ये थायलंडने आपल्या जंगलांत १७९ ते २२३ वाघ असल्याचं जाहीर केलं. त्याच्या दोनच वर्षं आधी हा आकडा १४८ ते १८९ होता.